नायसियाच्या गावाला, मावशीबरोबर पाच दिवस

लहानपणी नगरला आमच्या मंडळीत दर रविवारी सगळे उभे राहून विश्वासांगीकार म्हणायचे, म्हणजे आपण कशावर विश्वास ठेवतो ते सांगणारे ठरलेले शब्द, आजी त्याला मतांगीकार म्हणायची, आणि मी तिचा पदर धरून ते शब्द नुसते तिच्या मागोमाग म्हणत जायचे. पंतय पिलात हा कोण माणूस (येशूला वधस्तंभावर देणारा रोमन सुभेदार) हे कळायच्या कितीतरी आधी त्याचं नाव मला पाठ होतं. पुढे कळलं की आपण प्रभुभोजनाच्या रविवारी जो मोठा अंगीकार म्हणतो, नायसियाचा, त्याचं नायसिया म्हणजे एक खरंखुरं गाव आहे, तुर्कस्तानात तळ्याकाठी, आज त्याला इझनिक म्हणतात. तिथे 325 साली बिशपांच्या परिषदेत तो अंगीकार ठरला. 2025 मध्ये त्या परिषदेला 1700 वर्षं झाली तेव्हापासून मावशी मागे लागली होती. तिने चाळीस वर्षं संडे स्कूल चालवलंय, किती पोरांना हे शब्द शिकवले याचा हिशोब नाही, आता बहात्तरीची आहे, गुडघे दुखतात. शेवटी या मे महिन्यात निघालोच.

दिवस पहिला, बुधवार, इस्तंबूल

पहाटेचं विमान उतरलं, खोलीवर सामान टाकलं, चहा आणि सिमित खाल्लं (तीळ लावलेला गोल पाव, मावशीला फार आवडला) आणि थेट आया इरिनीला, एका जुन्या चर्चला, गेलो. तोपकापी राजवाड्याच्या पहिल्याच अंगणात आहे, लोक शेजारून राजवाड्याच्या रांगेकडे पळत जातात आणि हिच्यात फारसं कोणी येत नाही. ही कधी मशीदही झाली नाही, ऑटोमन काळात इथे शस्त्रं ठेवायचे. परंपरा सांगते की 381 सालची परिषद इथल्या आधीच्या चर्चमध्ये भरली, आत्ता दिसते ती इमारत सम्राट जस्टिनियनच्या काळातली आणि 740 च्या भूकंपानंतर दुरुस्त केलेली.

आत गेल्यावर आधी थंडावा जाणवतो, मग कबुतरांचा आवाज, आणि मग समोरच्या अर्धगोलात सोनेरी पार्श्वभूमीवर एकच मोठा काळसर क्रूस. बाकी चित्र नाही, चेहरा नाही, काही नाही. त्याच्याखाली अर्धवर्तुळात दगडी पायऱ्या आहेत, पाळकवर्ग बसायचा त्या. मावशी खांबाला टेकून बराच वेळ नुसती बघत होती.

381 इतकं महत्त्वाचं का, तर आपण आज जो नायसियाचा अंगीकार म्हणून म्हणतो तो खरं तर या गावचा आहे. 325 ला इझनिकमध्ये जो मजकूर झाला त्यात पवित्र आत्म्याबद्दल एवढंच होतं की "आणि पवित्र आत्म्यावर", बस, पुढे पूर्णविराम. मधल्या छपन्न वर्षांत त्या एका ओळीवरून इतका वाद झाला की सम्राट थिओडोसियसने दीडशे बिशप बोलावले, आणि मग आत्मा प्रभू आहे, जीवन देणारा आहे, पिता आणि पुत्राबरोबर (पुत्र म्हणजे येशू) त्याचीही आराधना होते, तो संदेष्ट्यांच्या मुखातून बोलला, ही सगळी वाक्यं आली. एक पवित्र सार्वत्रिक मंडळी आणि एक बाप्तिस्मा हेसुद्धा त्याच मजकुरात. परिषदेचे पहिले अध्यक्ष मेलेटियस मध्येच वारले, दुसरे ग्रेगरी नाझियान्झस, मोठे कवी आणि वक्ते, भांडणांना कंटाळून राजीनामा देऊन घरी गेले. या माणसाने आत्म्यासाठी एवढं आयुष्य घातलं आणि शेवटी रिकाम्या हाताने गावी परत गेला, मला त्यांचं फार वाईट वाटतं.

आणि हा वाद फक्त बिशपांचा नव्हता. दुसरे ग्रेगरी, निसाचे, त्यांनी त्या काळच्या कॉन्स्टँटिनोपलबद्दल, म्हणजे याच इस्तंबूलबद्दल, सांगून ठेवलंय की सुटे पैसे मागायला जा, तर सराफ जन्मलेला आणि न जन्मलेला यावर बोलायला लागतो, पावाचा भाव विचारा, तर उत्तर येतं की पिता मोठा आणि पुत्र लहान, न्हाणीचं पाणी तापलं का विचारा, तर म्हणतात पुत्र शून्यातून निर्माण झाला. ते वैतागून बोललेत पण मला ऐकायला बरं वाटतं, देव कोण आहे हा प्रश्न भाजी घेता घेता विचारण्याइतका जवळचा वाटत होता लोकांना.

दिवस दुसरा, गुरुवार, इझनिक

येनिकापीहून यालोवाची फेरी, सव्वा तासाच्या आसपास, मग मिनीबस. ओरहानगाझी सोडलं की उजव्या हाताला, डाव्या हाताला नुसती ऑलिव्हची झाडं आणि मग अचानक तळं सुरू होतं, ते संपतच नाही. मिनीबसवाल्याने मावशीला पुढची सीट दिली. गावात पोचलो तर जिथे बुकिंग होतं तिथे आमची खोली दुसऱ्यालाच दिलेली, तासभर त्यात गेला, मग दोन गल्ल्या सोडून एका घरगुती ठिकाणी सोय झाली आणि ती जास्तच चांगली निघाली, खिडकीतून तटबंदी दिसत होती.

इझनिक अजूनही रोमन तटबंदीच्या आतलं गाव आहे. चार दिशांना चार वेशी, इस्तंबूल कापी, लेफके कापी, येनिशेहिर कापी आणि तळ्याकडची गोल कापी, ट्रॅक्टर त्यातूनच जातात. गावाच्या बरोबर मध्यात, दोन रस्ते जिथे छेदतात तिथे आयासोफ्या, मुळात चर्च. रस्त्यापेक्षा बरीच खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. 787 ची परिषद इथे झाली, ज्यात प्रतिमांना मान द्यायचा की नाही हे ठरलं. 1331 ला मशीद झाली, विसाव्या शतकात म्युझियम, 2011 पासून परत मशीद. आम्ही चपला काढून, डोक्यावर ओढणी घेऊन गेलो. एका कोनाड्यात येशू, मरिया आणि योहान यांचं पुसट भित्तिचित्र आहे, जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

पण 325 ची परिषद इथे नाही झाली. बिशप युसेबियस जो स्वतः हजर होता तो लिहितो की ती राजवाड्यात भरली, सम्राट कॉन्स्टंटाइन जांभळा झगा घालून आत आला आणि बिशपांनी खूण करेपर्यंत खाली बसला नाही. किती बिशप होते यावर आकडे वेगवेगळे, युसेबियस अडीचशेच्या वर म्हणतो, परंपरेत 318 पक्का झाला कारण उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाची माणसं 318 होती.

मला त्या झग्यापेक्षा समोर बसलेल्या माणसांचं जास्त सांगायचंय. 303 साली इथून जवळच निकोमेडियात, म्हणजे आजच्या इझमितमध्ये, सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला होता, पहिलं चर्च तिथे पाडलं. बावीस वर्षांनी त्याच साम्राज्याच्या राजवाड्यात ती माणसं जेवायला बसली होती. इजिप्तचे पॅफ्नुटियस एका डोळ्याने आंधळे, तो डोळा छळात काढलेला, कॉन्स्टंटाइन त्या खोबणीचं चुंबन घ्यायचा असं इतिहासकार लिहून गेलेत. निओसिझेरियाचे पॉल यांचे हात तापलेल्या लोखंडाने निकामी केलेले. आपल्याकडे कोणी कोणी म्हणतं की हा अंगीकार काय, सम्राटाने राजकारणासाठी करून घेतला. सम्राटाला राजकारण होतंच, साम्राज्यात भांडण नको होतं, आणि त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा तर 337 ला मरताना झाला. पण ज्याने डोळा दिला तरी शब्द मागे घेतला नाही तो माणूस झगा बघून सही करेल हे मला पटत नाही.

भांडण काय होतं ते रात्री मावशीशी बोलताना परत उजळलं. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा पाळक म्हणाला की पुत्र सगळ्यात थोर, पण निर्माण केलेला, तो नव्हता अशी एक वेळ होती. हा माणूस हुशार होता, त्याने आपलं म्हणणं गाण्यात बांधलं, खलाशांसाठी, वाटसरूंसाठी आणि दळणाऱ्यांसाठी गाणी केली असं नोंदलेलं आहे. दळणाऱ्यांसाठी! मावशी म्हणाली, "अगं म्हणजे ओव्याच की. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडात एकदा गेलं की निघत नाही." परिषदेने त्याच्या उत्तरादाखल एक शब्द घातला, होमोऊसियोस, आपल्याकडे पित्याशी एकतत्त्व असं म्हणतात. शब्द शास्त्रात कुठेच नाही, म्हणून कित्येक बिशपांना तो घशाखाली उतरेना, पण दुसरा कुठलाही शब्द घेतला तर एरियसची माणसं तो आपल्या अर्थाने म्हणू शकत होती. लिबियाचे दोघे, सेकुंदस आणि थिओनास, शेवटपर्यंत सही करायला तयार झाले नाहीत, त्यांना एरियसबरोबर हद्दपार केलं.

आणि एक गोष्ट. 325 चा मजकूर "आम्ही विश्वास ठेवतो" असा सुरू होतो, ग्रीकमध्ये पिस्तेवोमेन. ग्रीकमध्ये त्यासाठी एकच शब्द आहे, मराठीत दोन आहेत, आम्ही आणि आपण. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहिला. शेवटी ज्यांना हे मान्य नाही त्यांना मंडळी शाप देते अशी ओळ त्या मजकुरात होती, तेव्हा तिथे मराठीत आम्हीच लागेल, आपण चालणार नाही. नंतरच्या मजकुरात ती शापाची ओळ राहिली नाही, देवाची कृपा.

दिवस तिसरा, शुक्रवार, इझनिक

पहाटे तळ्यावर गेलो. इथे 2014 साली विमानातून काढलेल्या फोटोंमध्ये पाण्याखाली एका बॅसिलिकेचा, म्हणजे जुन्या मोठ्या चर्चचा, आराखडा दिसला, किनाऱ्यापासून अगदी जवळ. 740 च्या भूकंपात पडली असावी असं मानतात. गेल्या काही वर्षांत तळं मागे हटत गेलंय, त्यामुळे आता भिंतींच्या ओळी चिखलात, गवतात दिसायला लागल्यात, पूर्वेकडचा अर्धगोल तर स्पष्ट. 2025 च्या नोव्हेंबरात पोप लिओ चौदावे आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू इथेच प्रार्थनेला उभे होते. आम्ही होतो तेव्हा दोन बगळे आणि एक मासेमार, इतकंच.

तिथे बसून मावशीला मी विचारलं, तू पोरांना अंगीकार शिकवायचीस तेव्हा पुस्तक द्यायचीस का? म्हणाली, "कधीच नाही. पुस्तक दिलं की डोळ्याने म्हणतात. मी एक ओळ म्हणायची, त्यांनी म्हणायची." आणि हे अगदी तसंच्या तसं आहे! जेरुसलेमचे सिरिल, साधारण 350 च्या सुमाराला, बाप्तिस्मा घेणाऱ्यांना सांगायचे की हे कागदावर लिहू नका, पाठ करा, हृदयावर कोरा. नवीन लोकांना अंगीकार तोंडी दिला जायचा आणि ईस्टरच्या आधी त्यांनी तो तोंडी परत म्हणून दाखवायचा. त्याच्याही आधी तर सलग अंगीकार नव्हताच, प्रश्नोत्तरं होती. पाण्यात उभं करून विचारायचे, सर्वसमर्थ देव पित्यावर विश्वास ठेवतोस का, ठेवतो म्हटलं की एक बुडी. पुत्रावर, जो कुमारीपासून जन्मला, पिलाताच्या वेळी वधस्तंभावर गेला, तिसऱ्या दिवशी उठला, ठेवतोस का, ठेवतो, दुसरी बुडी. मग आत्म्यावर, तिसरी. आपल्या अंगीकाराचे तीन भाग का आहेत याचं उत्तर या तीन बुड्यांत आहे. सम्राटाच्या राजवाड्यात आम्ही झालं, पण पाण्यात मी होतं, एकेकट्याचं.

आणि पाण्याच्याही मागे जाता येतं. पौल करिंथकरांना लिहितो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, पेत्राला दिसला. ते पत्र साधारण 55 सालच्या आसपासचं, म्हणजे पौलाला ते पाठ मिळालं ते त्याच्याही आधी.

नाश्ता करून रोमन नाट्यगृह बघायला गेलो, तळ्याकडच्या बाजूला आहे. धाकटा प्लिनी 112 च्या सुमारास या प्रांताचा सुभेदार होता आणि त्याने सम्राट ट्रेजनला याच नाट्यगृहाची तक्रार लिहिली होती, एक कोटी सेस्टर्सच्या (रोमन नाणी) वर पैसा गेला, अजून अपुरं आणि आत्ताच भेगा पडायला लागल्यात. त्याच प्लिनीचं दुसरं पत्र आहे ख्रिस्ती लोकांबद्दल, की हे ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात. खरं काय ते काढायला त्याने दोन दासींचा छळ केला, मंडळीत त्यांना सेविका म्हणत. नावं लिहिली नाहीत त्याने. परिषदेच्या दोनशे तेरा वर्षं आधी, याच प्रांतात, दोन गुलाम बायका. मी त्या नाट्यगृहाच्या पायरीवर बसून मावशीला ते पत्र मोबाईलवरून वाचून दाखवलं तेव्हा तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "नावं असायला हवी होती गं."

दुपारी एका चिनी मातीच्या वर्कशॉपमध्ये गेलो, इझनिकच्या निळ्या-लाल टाइल्स जगप्रसिद्ध आहेत, सोळाव्या शतकातल्या इस्तंबूलच्या मशिदींत लागल्यात त्या इथल्याच. एक मुलगी बारीक ब्रशने ट्यूलिपची बाह्यरेषा काढत होती, श्वास रोखून, मग थांबायची, मनगट झटकायची, परत. लाल रंग बोटाला जाणवेल इतका जाड बसतो. मावशी तिच्याकडे बघत म्हणाली, "हे घडवणं. आणि जन्म देणं वेगळं." मला लगेच कळलं ती कशाबद्दल बोलतेय, अंगीकारात आहे ना, जन्मलेला, घडवलेला नव्हे. अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने हेच सांगितलं होतं की माणूस घर बांधतो पण मुलाला जन्म देतो, घर बापाच्या जातकुळीचं नसतं, मुलगा असतो. हा माणूस परिषदेच्या वेळी साधा डीकन, म्हणजे बिशपाचा मदतनीस, होता, नंतर बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार झाला. कारण परिषद झाली म्हणून वाद संपला नाही, उलट पन्नास वर्षं चालला, कॉन्स्टंटाइनने स्वतः एरियसला परत बोलावलं.

मावशीची आई केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. त्यामुळे रमाबाईंचा विषय निघणारच होता. 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धांतावर (पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव) तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून किती वाद घातला, चर्च सांगतं म्हणून मान्य करणार नाही, मला स्वतःला समजलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. मावशी म्हणते की तिच्या आईला हे माहीत होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. मलाही आहे. ज्या बाईने एक धर्म प्रश्न विचारून सोडला ती दुसरा प्रश्न न विचारता कशी घेईल?

दिवस चौथा, शनिवार, परत इस्तंबूल

यालोवाहून पेन्दिकची फेरी, पुढे मेट्रोने कादिकॉय, हेच जुनं कॅल्सिडन. 451 ची परिषद इथल्या सेंट युफेमियाच्या चर्चमध्ये झाली, त्याचा आता मागमूस नाही, बाजारात त्याच नावाचं एक नंतरचं ग्रीक चर्च आहे, बाजूला मासळी आणि लोणच्यांची दुकानं. 381 चा मजकूर आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो या 451 च्या कामकाजाच्या नोंदीत, तिथे तो मोठ्याने वाचला गेला. ख्रिस्ताचे दोन स्वभाव, देवाचा आणि माणसाचा, मिसळ न होता, बदल न होता, ताटातूट न होता, हे इथे ठरलं आणि इथेच इजिप्त, आर्मेनिया, सिरियाच्या मंडळ्या वेगळ्या झाल्या. पुण्यात आमच्या शेजारी मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंब आहे, ते 451 मानत नाहीत, पण नायसिया मानतात आणि त्यांचा अंगीकार ऐकला तर जवळजवळ ओळ न् ओळ आपलीच.

फेरीत बसल्यावर मी मावशीला कल्याणचं सांगितलं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी लिहितो की कॅलियाना नावाच्या बंदरात पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. पर्शियाच्या मंडळीने 410 साली नायसियाचा अंगीकार स्वीकारला होता. म्हणजे इथल्या तळ्याकाठचे शब्द सिरियाक भाषेत कल्याणच्या खाडीवर म्हटले गेले असणार, मिशनरी यायच्या हजारेक वर्षं आधी. मावशी म्हणाली, "आणि आम्हाला अजून विचारतात तुम्ही कधी बाटलात."

संध्याकाळी टॅक्सीने कारियेला, चोरा चर्च. 2024 पासून मशीद आहे. बाजूच्या चॅपेलच्या टोकाला 1315 ते 1321 च्या दरम्यानचं ते चित्र, पांढऱ्या कपड्यातला ख्रिस्त, पाय फाकवून जोर लावलेला, एका हाताने आदाम आणि दुसऱ्या हाताने हव्वा यांना कबरीतून बाहेर खेचतोय. हात हातात नाही घेतलेला, मनगट धरलंय. बुडणाऱ्याला धरतात तसं. खाली मोडलेली दारं, विखुरलेली कुलपं-किल्ल्या, बांधलेला सैतान. तो अधोलोकात उतरला हे शब्द नायसियात नाहीत, प्रेषितांच्या अंगीकारात आहेत. तो अंगीकार बारा प्रेषितांनी एकेक ओळ सांगून केला अशी गोष्ट आहे, रुफिनस नावाच्या लेखकाने 404 च्या सुमाराला ती लिहून ठेवली, पण मजकूर वाढत गेला रोमच्या बाप्तिस्म्यातून आणि आजचं रूप आठव्या शतकात भेटतं. पूर्वेकडचे ख्रिस्ती तो म्हणत नाहीत. पण जी ओळ त्यांच्या अंगीकारात नाही ती त्यांनी भिंतीवर अशी काढली की मला यापुढे ती म्हणताना मनगटच आठवणार.

दिवस पाचवा, रविवार, फेनेर

पॅट्रिआर्कच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये सकाळच्या उपासनेला गेलो. बाहेरून साधं, आत मेणबत्त्या, धूप आणि गाणं. युफेमियाच्या अस्थी इथेच आहेत, उजवीकडे. फार माणसं नव्हती. मावशी पूर्णवेळ उभी राहिली, गुडघ्यांसकट, मी बसायला सांगितलं तर म्हणाली नायसियाचाच नियम आहे ना, रविवारी उभं राहूनच प्रार्थना करायची. आहे खरा, विसावा नियम.

मग एका वयस्कर गृहस्थांनी अंगीकार सुरू केला, पिस्तेवो, म्हणजे मी. परिषदेचं आम्ही उपासनेत परत मी झालंय, पाण्यातलं. आम्हा दोघींना ग्रीक येत नाही, कुठे पोचलेत कळेना, आणि मध्येच स्पष्ट ऐकू आलं, पोन्दिऊ पिलातू. मावशीने माझा दंड दाबला. तिथून आम्ही दोघी मराठीत हळू आवाजात बरोबर निघालो, मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला.

पवित्र आत्म्याशी आलो. आपल्याकडे आत्मा पिता आणि पुत्र यांपासून निघतो असं म्हणतात, "आणि पुत्र" हे पश्चिमेत नंतर घातलेलं, रोमने 1014 ला घेतलं, आणि पूर्व-पश्चिम फाटण्यात या शब्दाचा मोठा वाटा. मी सवयीने म्हणून गेले आणि ऐकलं की शेजारी मावशी पित्यापाशी थांबलीय. ते गृहस्थ पुढच्या ओळीवर गेले तशी तीही गेली, त्यांच्याबरोबर. मी एका शब्दाने मागे पडले होते.

बाहेर पडताना विचारलं, तू तो शब्द गाळलास. म्हणाली, "त्यांच्या घरी त्यांच्यासारखं. नगरला गेलं की म्हणेन." शेवटी सगळ्यांना आशीर्वादाचा पाव वाटतात, प्रभुभोजनाचा नाही, साधा, पाहुण्यांनाही देतात. आम्ही लाजून मागे उभ्या होतो तर काळ्या स्वेटरमधल्या एका आजींनी येऊन आपल्या हातातला तुकडा मोडला, अर्धा मावशीच्या तळहातावर ठेवला आणि वरून तिची बोटं मिटली. मावशीने त्यातला अर्धा मला दिला.